मदत हवी आहे : ‘विझर्ड्री’त १३व्या लेव्हलनंतर मेजचा क्लास बदलावा का?

मंडळी, १९८१च्या पहिल्या ‘विझर्ड्री’ या कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेमबद्दल सल्ला हवाय. माझा मेज (म्हणजे जादूगार पात्र) १३व्या लेव्हलला पोचलाय, सातव्या स्तराचे मंत्र हाताशी आलेत. आता त्याचा क्लास, म्हणजे पेशा, बदलून त्याला फायटर (लढवय्या) करावं म्हणतो. शिकलेले मंत्र टिकतात, पण लेव्हल १ होते, ताकद, बुद्धी वगैरे गुण पात्राच्या वंशाच्या किमान आकड्यावर घसरतात आणि वयही काही वर्षांनी वाढतं. वय जास्त, तितकी पुढे लेव्हल चढताना गुण कमी होण्याची भीती जास्त.

खरी गोची हिट पॉइंट्सची, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं त्या आकड्याची. दर लेव्हलला, त्या लेव्हलपर्यंतचे सगळे फासे नव्याने पडतात. बेरीज जुन्या आकड्याच्या वर गेली नाही, तर वाढ फक्त १. म्हणजे बराच काळ फायटर नावालाच.

‘डंजन मास्टर’ या दुसऱ्या गेममध्ये (१९८७) ही भानगडच नाही. तलवार चालवली की फायटर वाढतो, वस्तू फेकल्या की निन्जा, आणि एकच पात्र फायटर, निन्जा, प्रीस्ट (पुरोहित) आणि विझर्ड (जादूगार) ही चारही कौशल्यं कमावतं. मला ती पद्धत जास्त न्याय्य वाटते.

तर, बदल आत्ताच करू की आधी मेजचेच हिट पॉइंट्स आणखी वाढवू? व्हायटॅलिटी (चिवटपणाचा गुण) १४ असेल तर फायटरऐवजी सामुराई हा क्लास परवडतो का? आणि दोन मेज एकदम बदलले, तर भुयाराच्या खालच्या मजल्यांवर पार्टी (पात्रांची टोळी) तग धरेल का?