मल्टिव्ह्यूअरवर अलार्मची पट्टी सबटायटल झाकते, काय करावं?

वॉलवाला_इंदूर:
नमस्कार मंडळी, मी इंदूरला एका केबल हेडएंडच्या (जिथून घरोघरी चॅनल पाठवतात त्या केंद्राच्या) कंट्रोल रूममधे आहे. समोर ५५ इंची चार स्क्रीन, एकेकावर १६ चॅनल, मल्टिव्ह्यूअर (एका स्क्रीनवर अनेक चॅनल दाखवणारं यंत्र) आयपी नेटवर्कवरून थेट ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे चॅनलचं चित्र-आवाज-सबटायटल एकत्र बांधलेला डिजिटल प्रवाह घेतो. आता त्रास असा की फ्रीझ (चित्र थिजल्याचा) किंवा ऑडिओ गेल्याचा अलार्म आला की लाल पट्टी चित्राच्या खालच्या भागावर चढते आणि सबटायटल नेमकं तिथेच असतं, म्हणजे ते दिसतच नाही. आणि उलट सबटायटल बंद पडलं तर भिंतीवर काहीच येत नाही, घरून फोन आला की कळतं. परवा रामबागेतून फोन होता, आईला ऐकू येत नाही, ती वाचूनच सिरियल बघते, सकाळपासून अक्षरं गायब आहेत म्हणाले. फार वाईट वाटलं. वरून भजनाच्या चॅनलवर तासन्‌तास एकच फोटो असतो तिथे फ्रीझचा अलार्म रात्रभर वाजतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आमच्या लोकल चॅनलवर रात्रभर लाइव्ह जातात, त्याच्या आधी हे सगळं नीट करायचंय.

एमसीआर_बडोदा:
पट्टी चित्रावरून आधी काढा. लेआउट एडिटरमधे प्रत्येक चौकटीचं चित्र थोडं छोटं करा आणि नावाची पट्टी, ऑडिओचे मीटर, अलार्मचा मजकूर हे सगळं चित्राच्या बाहेर खाली घ्या. चित्र लहान होतं म्हणून लोक कुरकुरतात पण १६ च्या लेआउटमधे एवढं चालतं. आणि लाल बॉर्डर अलार्मला वापरू नका हो, लाल म्हणजे टॅली, कुठलं चित्र आत्ता ऑन एअर आहे त्याची खूण, लोकल चॅनलच्या स्विचरवरून (कॅमेरे बदलायच्या यंत्रावरून) टॅली आली की कुठला कॅमेरा लाइव्ह आणि कुठला बिघडलेला हे पहाटे तीनला कुणालाच कळणार नाही. अलार्मला पिवळी ठेवा, ऑपरेटरने पाहिल्याचं बटण दाबेपर्यंत (अ‍ॅक्नॉलेज) लुकलुकणारी.

फ्रीझचा वेळ चॅनलप्रमाणे ठेवा. न्यूजला १० सेकंद, भजनवाल्याला फ्रीझ बंदच करा, तिथे आवाज गेल्याचा अलार्म पुरे आहे.

टीएस_वाचक:
सबटायटलचं मी सांगतो कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आधी बघा की ते चित्रातच छापलेलं येतंय की वेगळ्या पीआयडीवर (स्ट्रीममधल्या प्रत्येक भागाचा क्रमांक). छापलेलं असेल तर मल्टिव्ह्यूअरच्या लेखी ते नुसतं चित्र, त्याचा अलार्म बनतच नाही, डोळ्यांनीच बघायचं. वेगळं असेल तर पीएमटी (चॅनलमधे कुठले भाग आहेत त्याची यादी) उघडा, स्ट्रीम टाइप हेक्समधे ०६ आणि डिस्क्रिप्टर (त्या भागाचा प्रकार सांगणारी नोंद) हेक्समधे ५९ दिसला तर डीव्हीबी सबटायटल, ५६ असेल तर टेलिटेक्स्ट. मराठी-हिंदीसाठी डीव्हीबीवालंच मिळेल, कारण त्यात अक्षरांची बिटमॅप, म्हणजे चित्रंच जातात, समोरच्या बॉक्समधे देवनागरी फॉन्ट असो नसो फरक पडत नाही, टेलिटेक्स्टमधे आणि अमेरिकेतल्या ६०८ कॅप्शनमधे देवनागरी नाहीच. मल्टिव्ह्यूअरच्या इनपुटला सबटायटल डिकोड वेगळं ऑन करावं लागतं आणि भाषेचा कोडही निवडावा लागतो, मराठीचा एमएआर. आणि कुठे सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय आणून लावली असेल तर तिथे वेगळं सबटायटल पोचतच नाही, बॉक्सनेच चित्रावर काढलं तर दिसणार.

अलार्मसाठी फक्त पीआयडी आहे का एवढं बघून भागत नाही. पीएमटीत नाव असतं आणि आत डेटा काहीच नसतो, तुमच्या त्या आजींचं बहुतेक हेच झालं असणार. शेवटचा सबटायटल डेटा येऊन किती वेळ झाला ते मोजा. पण संवाद नसताना डेटा येत नाही, जाहिरातीत तर नाहीच, आणि नियमाने तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती असू शकतात. त्यामुळे ३०-४० सेकंदांची मर्यादा ठेवलीत तर दर ब्रेकला वाजेल. सगळ्यात लांब ब्रेकपेक्षा दोनेक मिनिटं जास्त धरा.

वॉलवाला_इंदूर:
खूप आभार. आत्ताच पीएमटी पाहिली, त्या सिरियलवाल्या चॅनलला ५९ आहे, बाकी बहुतेक छापलेलेच. एक अजून, अलार्म एसएनएमपी ट्रॅपने (यंत्राने नेटवर्कवरून आपणहून पाठवलेल्या सूचनेने) येतात आणि कधीकधी बिघाड जाऊनही भिंतीवर अलार्म तसाच राहतो, हे का? आणि चॅनलची नावं देवनागरीत दिसतील का, रात्रीच्या मुलांना इंग्रजी छोटी नावं पटकन वाचता येत नाहीत.

एमसीआर_बडोदा:
ट्रॅप यूडीपीवर जातो, म्हणजे पोचल्याची पावती नसते, वाटेत हरवला तर परत कुणी पाठवत नाही. ‘क्लिअर’चा ट्रॅप हरवला की अलार्म अडकला. म्हणून ट्रॅप ठेवाच पण मिनिटाला एकदा पोलिंगने खरी स्थिती विचारून घ्या. नावं टीएसएलने (स्विचरकडून नावं-टॅली पाठवायच्या प्रोटोकॉलने) येत असतील तर व्हर्जन बघा, ३.१ मधे १६ अक्षरं आणि तीही साधी इंग्रजी, ५ मधे युनिकोड जातं. दोन्ही टोकांना ५ लागेल, स्विचरकडून नसेल तर मल्टिव्ह्यूअरमधेच नावं हाताने टाका. जोडाक्षरं तुटतायत का ते एका चौकटीत आधी तपासा, काही मशिनींत ‘क्ष’ आणि रफार नीट उमटत नाहीत.

टीएस_वाचक:
आणि त्या सिरियलच्या चौकटीत सबटायटल डिकोड कायम चालू ठेवा, एका स्क्रीनवर तरी. अलार्मला डेटा आला की नाही एवढंच कळतं, अक्षरं दोन सेकंद उशिरा येतायत किंवा दुसऱ्याच एपिसोडची येतायत हे त्याला दिसत नाही, ते ऑपरेटरने शिफ्ट बदलताना एकदा थांबून वाचायचं.