टॅरी: रेंगाळणं, थांबणं की खोळंबा करणं?

'टॅरी' या जुन्या इंग्रजी क्रियापदाला 'रेंगाळणे' हा प्रतिशब्द देऊन मोकळं होता येतं. पण रेंगाळण्यात थोडी चालढकल असते, पाय निघत नसतो. 'टॅरी'त ते असेलच असं नाही.

शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला न्यायसभेचा प्रवेश आठवा. सावकार शायलॉक करारानुसार सुरी घेऊन कर्जदाराचं पौंडभर मांस कापायला सरसावलाय आणि वकिलाच्या वेषातली पोर्शिया म्हणते, 'टॅरी अ लिटल'. इथे 'जरा रेंगाळ' म्हटलं तर नाटकाचा फार्स होईल. 'थांब जरा', बस्स. करारात रक्ताचा थेंबही लिहिलेला नाही, हा पेच ती त्यानंतर टाकते.

त्याहून गंमत शेक्सपिअरच्याच 'ट्रॉइलस अँड क्रेसिडा'च्या पहिल्याच प्रवेशात आहे. प्रेमात उतावीळ झालेल्या ट्रॉइलसला मध्यस्थ पँडॅरस सांगतो, गव्हाचा केक हवा तर दळण होईपर्यंत दम धर. ट्रॉइलस म्हणतो, धरला की! पँडॅरस म्हणतो, हो, दळणापुरता, आता चाळायचंय. मग आंबवणं, मळणं, भट्टी तापवणं, भाजणं, आणि शेवटी निवू दे, नाहीतर ओठ भाजतील. यात 'टॅरी द ग्राइंडिंग' अशी रचना आहे, मध्ये 'फॉर' नाही. म्हणजे क्रियापद चक्क सकर्मक, अर्थ 'ची वाट पाहणे'. निवण्याच्या वेळी मात्र पँडॅरस 'टॅरी' सोडून 'स्टे' वापरतो, तोही तसाच थेट कर्म घेऊन.

आणखी मागे, चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या 'स्क्वायर्स टेल' या कथेतला निवेदक श्रोत्यांना म्हणतो की मी तुम्हाला 'टॅरी' करत नाही. म्हणजे तुमचा खोळंबा करत नाही! इथे थांबणारा वेगळा, थांबवणारा वेगळा. माझ्या मते मराठीत 'खोळंबणे' याच्या सर्वात जवळचं आहे: आपण खोळंबतो, काम खोळंबतं आणि दुसऱ्याचा खोळंबाही करता येतो.

व्युत्पत्तीवर पंडितांचं एकमत नाही. एक धागा जुन्या इंग्रजीतल्या 'तेर्गन'कडे जातो, अर्थ चिडवणे, सतावणे. रूप जुळतं, अर्थ ओढून आणावा लागतो. (ताटकळत ठेवणं हा सतावण्याचाच प्रकार म्हणा.) दुसरा धागा लॅटिन 'टार्डुस', म्हणजे मंद, यावरून आलेल्या जुन्या फ्रेंच 'टार्जिए' (targier) या क्रियापदाचा. तिथे अर्थ चपखल, पण मधला 'ज' कुठे गेला हे सांगता येत नाही. दोन्हींची सरमिसळ झाली असावी, हे मला जास्त पटतं. 'टार्डी' (उशीर करणारा) मात्र निःसंशय त्या लॅटिन घरचा.

'टॅरी'च्या जवळच्या अर्थाचे आणखी दोन शब्द आहेत. 'लिंगर' (रेंगाळणे) हा 'लाँग'चा भाऊबंद, लांबवणं. 'लॉइटर' (उगाच घुटमळणे) डचांकडून आला आणि तिथे त्याचा संबंध खिळखिळं होऊन हलण्याशी आहे, हलणाऱ्या दातासारखं. 'येथे विनाकारण उभे राहू नये' या पाटीवर 'लॉइटर'च शोभतो. 'टॅरी'वर तसा संशय नाही. 1611च्या किंग जेम्स बायबलात गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना 'टॅरी यी हिअर' म्हणतो, तेव्हा ती विनवणी असते. नव्या भाषांतरांत तिथे बहुधा 'स्टे' किंवा 'रिमेन' आढळतो.

एक सावधगिरी: डांबर लागलेलं या अर्थाचं विशेषण इंग्रजीत याच स्पेलिंगचं आहे. त्याचा उच्चार 'टारी', आणि ते 'टार'वरून आलंय. या दोघांचं काही नातं नाही.