जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० 'फुकटात' पडते म्हणणाऱ्यांसाठी

घाटमाथा
"२० लाखांत नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेण्यापेक्षा जुनी ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्या. घसारा पहिल्या मालकाने भरला, आता गाडी फुकटात पडते." काल हा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. असं सांगून लोकांना खड्ड्यात घालू नका.

२०१७ मध्ये आरएस २३०ची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख होती. आज कोणी १८-२० लाख मागत असेल तर ती किंमत गाडीच्या दुर्मिळतेची आहे. विम्याला दुर्मिळता कळत नाही. पाच वर्षांनंतरची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते, आणि कंपनी बाजारभाव धरेलच असं नाही. १९ लाख मोजलेल्या गाडीवर १० लाखांची आयडीव्ही लागली आणि गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, तर ९ लाख बुडाले. शिवाय एवढ्या जुन्या गाडीला झीरो-डेप (पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) बहुतेक कंपन्या देत नाहीत, म्हणजे बंपर, रबर, प्लास्टिक यांची निम्मी किंमत खिशातून. हे तुमच्या 'फुकट'मध्ये धरलंय का?

शून्य_ते_शंभर
तो सल्ला माझाच. विम्याचा मुद्दा ठीक आहे, पण तुम्ही नव्या गाडीचा हिशेब शिताफीने गाळलात. १८ लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे २ लाख १६ हजार. विकताना त्यातला एक रुपया परत मिळत नाही. विम्याचाच तक्ता बघा: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. म्हणजे पाच वर्षांत कागदावर ९ लाख गेले, वर टॅक्स वेगळा. आरएस पाच वर्षांत ५ लाखांनी उतरली तरी मी पुढेच राहतो. आणि व्हर्टसमध्ये ड्राय क्लचचा डीक्यू२०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आरएसमध्ये ऑइलमध्ये बुडालेला डीक्यू२५०. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कुठला टिकतो ते वेगळं सांगायला नको.

पाना_नंबर_तेरा
डीक्यू२५० टिकतो, पण दर ६० हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला तरच. ऑइल साधारण ५.२ लिटर लागतं आणि लेव्हल इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असतानाच तपासायची. स्कॅनर न लावता अंदाजाने भरलं तर लेव्हल चुकते. इंजिन बंद करताना खडखड ऐकू आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारं जड चाक) गेलं समजा. गिअरबॉक्स उतरवून ते बदलायचं म्हणजे लाखाच्या पुढे.

खरा खर्च मात्र दोघांनीही लिहिला नाही. तो वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या जोडमॉड्यूलचा. हे मॉड्यूल प्लास्टिकचं आहे, इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) बसतं. उष्णतेने प्लास्टिक वाकतं, सील सुटतं आणि कूलंट थेंब थेंब गळत गिअरबॉक्सवर पडतं. खाली डबकं दिसत नाही, नुसता गोडसर वास येतो आणि गुलाबी खपली जमते. नुसतं सील बदलून भागत नाही. पूर्ण मॉड्यूल आणि त्याचा छोटा बेल्ट बदला, मजुरीसह ४०-५० हजार धरा.

हप्तेबंद
सगळे पार्टवर बोलताय, पेट्रोलवर कोणीच नाही. ई२०ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, या गाड्यांची वाट लावली. २०१७ची गाडी ई२०साठी बनवलेली नाही, आणि पंपावर साध्या पेट्रोलमध्ये दुसरा पर्याय ठेवलेला नाही. कोणी विचारलं होतं का मालकांना?

शून्य_ते_शंभर
इथे ई२० कुठून आलं? इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, टर्बो पेट्रोलला ते मानवतं. नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक पकडणारा) टायमिंग सांभाळून घेतो. उगाच घाबरवू नका.

हप्तेबंद
घाबरवत नाही, आकडे घ्या. पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. २० टक्के मिसळलं की ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही ई१०साठी ट्यून केलेल्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के घटेल असं लिहिलंय. युरोपात सर्रास ई१०पर्यंतच पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्या बाजारासाठी घडवलेली. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. महिनाभर अर्ध्या टाकीने गाडी उभी राहिली की त्या पाण्याचा त्रास. 'शौकाची दुसरी गाडी' नेमकी अशीच उभी असते.

पाना_नंबर_तेरा
उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी राहते. रोज चालणाऱ्या गाडीला हा प्रश्न फारसा येत नाही. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ते जास्त महत्त्वाचं. म्हणून १५ हजार किमीची वाट न बघता ७-८ हजारांवर ते ऑइल बदला. फोक्सवॅगनच्या ५०२ किंवा ५०४ मानकाचंच, ५.७ लिटर.

घाटमाथा
ई२०ची भांडणं बाजूला ठेवा. वर्षाला १० हजार किमी, लिटरमागे आरएस ९ किमी, व्हर्टस १३ किमी, पेट्रोल १०४ रुपये धरा. एकीला १ लाख १५ हजार, दुसरीला ८० हजार. हौस म्हणून १६० रुपयांचं १०० ऑक्टेन भरलंत तर आरएसला पावणेदोन लाखांच्या वर. चार चांगले टायर ६० हजारांना, ३०-३५ हजार किमी चालले तर नशीब.

शून्य_ते_शंभर
म्हणजे साध्या पेट्रोलवर फरक वर्षाला ३५ हजार. एवढ्यासाठी तुम्ही मला लोकांना खड्ड्यात घालणारा ठरवलंत? आधी माझ्या घसाऱ्याच्या आकड्यांना उत्तर द्या, मग आवाज चढवा.

घाटमाथा
देतो. मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि उपकर मिळून ४५-५० टक्के कर होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० झाला. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या की जुन्यांचे भावही खाली ओढले जातात. ऑक्टोबरमध्ये नवी आरएस ४९.९९ लाखांना आली, फक्त १०० गाड्या. तिच्याकडे बघून जुन्या आरएसचे मालक भाव चढवतात, पण तेवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक किती? तुमचे ५ लाख हा निव्वळ अंदाज आहे. रोड टॅक्सचा मुद्दा मात्र मान्य, तो माझ्याकडून सुटला होता.

हप्तेबंद
आणि ई२०चा?

पाना_नंबर_तेरा
घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी स्कॅनर लावा. फॉल्ट कोडच्या फ्रीझ फ्रेममध्ये (बिघाडाच्या क्षणाच्या नोंदीत) तो फॉल्ट किती किलोमीटरवर आला ते दिसतं. मीटरवर ५२ हजार आणि फॉल्ट ७१ हजारांवरचा असेल तर तिथूनच मागे फिरा. टीडी१ची (ट्यूनिंग झाल्याची कंपनीची खूण) नोंद असेल तर कधीतरी रीमॅप झालेली आहे, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय, क्लच आणि प्लग त्या हिशेबाने तपासा. मग कूलिंगला दाब देऊन अर्धा तास थांबा, आणि इंजिन गार असतानाच करा. गरम झाल्यावर प्लास्टिक फुगतं आणि गळती लपते.

शून्य_ते_शंभर
बरं. 'फुकटात' हा शब्द मागे घेतो. पहिल्या वर्षासाठी दीड लाख बाजूला ठेवून घ्या, असं वाचा. पण गाडी घेऊच नका, हे मला मान्य नाही.

घाटमाथा
दीड नाही, अडीच. आणि आयडीव्ही ठरवताना विमा कंपनीशी भांडा. गाडीचे फोटो, सर्व्हिसची बिलं आणि तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती सोबत जोडा, नूतनीकरणाच्या महिनाभर आधी.