सातेरी माश्यांच्या आतड्यातील जिवाणू सावरण्यासाठी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू) द्यावे की प्रीबायोटिक (त्या जिवाणूंचे खाद्य)?

माझ्याकडे महाबळेश्वर परिसरात सातेरी (भारतीय पाळीव) मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. मागील वर्षी अळ्यांचा रोग दिसल्यावर सल्ल्यानुसार साखरेच्या पाकातून ऑक्सिटेट्रासायक्लिन दिले. रोग आटोक्यात आला, परंतु तेव्हापासून चार वसाहती दुबळ्याच राहिल्या आहेत. या प्रतिजैविकामुळे स्नॉडग्रासेला, गिलियामेला, लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम हे माशीचे आतड्यातील मूळ सहनिवासी जिवाणू घटू शकतात, हे वाचल्यापासून मला फार काळजी वाटते, कारण परागकणांच्या भित्तीतील पेक्टिन पचवण्याचे काम मुख्यतः गिलियामेला करतो.

दोन पेट्यांना मी कोंबड्यांसाठी मिळणारी प्रोबायोटिक पावडर सहा आठवडे पाकातून दिली, पण अळ्यांच्या चौकटींत फरक दिसला नाही. त्या पावडरीतील जिवाणू माशीच्या आतड्यात मुळी टिकतच नसावा, असे मला वाटते. परागाऐवजी दिले जाणारे सोयापीठ मी टाळतो, कारण त्यातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा माश्यांना घातक ठरतात. राण्या तरुण आहेत, सध्या रोगाची लक्षणे नाहीत, पाक केवळ पावसाळ्यात देतो आणि प्रयोगशाळेतील तपासणी मला परवडणारी नाही.

नव्याने बाहेर पडलेल्या कामकरी माशीला हे मूळ जिवाणू प्रामुख्याने पोळ्यातील इतर माश्या व पोळे यांच्या संपर्कातून मिळतात. म्हणून सशक्त, निरोगी पेटीतील माश्यांसह एक चौकट दुबळ्या पेटीत देणे पुरेसे ठरेल का? की सोबत इन्युलिनसारखे प्रीबायोटिकही द्यावे, आणि सातेरीवर ते कोणी प्रत्यक्ष वापरले असल्यास एक लिटर पाकात किती ग्रॅम घातले होते?