मदत हवी आहे: जुन्या कॅसेटमधले प्रोग्रॅम लॅपटॉपवर कसे घ्यायचे? (तातडीने)

पेठेतली_लेक: बाबांच्या काँप्युटरच्या 6 कॅसेट माळ्यावर सापडल्या. रविवारी घर रिकामं करून द्यायचंय. टेपसमोर फोन धरून रेकॉर्ड केलं तर नुसती किरकिर. यातून फाइल कशी काढायची?

डहाणूकर_कॉलनी: काँप्युटर कोणता?

कर्वेरोड: कॅसेटवरून थेट पेनड्राइव्हवर घेणारं यंत्र तापकीर गल्लीत विचारा. आजोबांची सगळी कीर्तनं मी तशीच घेतली.

सोल्डरवाला: नको! ती यंत्रं बहुधा एमपीथ्री करतात. कीर्तनाला चालतं. तुमच्या कॅसेटवर प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साठवलेला असतो, ती किरकिर म्हणजेच डेटा. त्यात शून्य आणि एक स्पंदनाच्या लांबीवरून ओळखतात, एमपीथ्री आवाज दाबून लहान करताना नेमकं तेच बिघडवते. न दाबलेली वेव्ह फाइलच हवी.

कर्वेरोड: माझं तर सगळं स्वच्छ ऐकू येतं.

सोल्डरवाला: कानाला, हो.

निवृत्त_बाई: आमच्या शाळेत क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात बीबीसी मायक्रो काँप्युटर आला होता. मुलं चपला काढून आत जायची. तुमचा तोच का गं?

पेठेतली_लेक: नाही. काळा, कीबोर्डच काँप्युटर, कोपऱ्यात रंगीत पट्टे. डेसिबेल्स कंपनीचा. एका कॅसेटवर बाबांच्या अक्षरात 'मुळाक्षरे, चिमीसाठी' असं लिहिलंय. चिमी म्हणजे मी. बाबा आता नाहीत.

सोल्डरवाला: म्हणजे स्पेक्ट्रम प्लस हा काँप्युटर. ताई, आधी कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट लावूच नका, बुरशी टेपच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटवर जाते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर थेट लॅपटॉपच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक). ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा: मोनो, 44100 हर्ट्झ; टेपवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद. वेव्हवरून टॅप फाइल (स्पेक्ट्रमच्या कॅसेटची डिजिटल प्रत) करून फ्यूजमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा.

डहाणूकर_कॉलनी: आवाज दबका आला तर हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवा, किरकिर सगळ्यात तीक्ष्ण होईल तिथे थांबा. माझं निम्मं काम त्यावरच अडलं होतं. वेव्ह पुसू नका, टॅप पुन्हा करता येते.

कर्वेरोड: मूळ काँप्युटरच लावा ना टीव्हीला.

सोल्डरवाला: 35-40 वर्षांपूर्वीचा अडॅप्टर न तपासता? अजिबात नाही.

पेठेतली_लेक: झालं! आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा 'अ'. बाबांनी एकेक ठिपका मांडून केलेला. 'ञ'पर्यंत येतं आणि टेप लोडिंग एरर. पुढचा भाग दुसऱ्या बाजूला असेल का?

डहाणूकर_कॉलनी: उलटून बघा. आणि स्क्रू त्या बाजूसाठी पुन्हा जुळवावा लागेल.