टुरिस्ट व्हिसावर नोकरी? नकोच

गोव्यातल्या मांद्र्याच्या कॅफेत रशियन मैत्रिणीला टुरिस्ट व्हिसावरच कामाला घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. त्या व्हिसाचा एम्प्लॉयमेंट व्हिसा इथे बसून करून मिळत नाही. मायदेशी जाऊन भारतीय वकिलातीतून काढावा लागतो. खरी मेख पगाराची: वर्षाला किमान १६.२५ लाख. किनाऱ्यावरचा कुठला कॅफेवाला एवढे देणार? स्वतःच्या मायदेशाचे पदार्थ रांधणाऱ्या परदेशी आचाऱ्याला मात्र ही अट नाही, तेव्हा ती स्वयंपाकघर सांभाळणार असेल तर वाट आहे. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असला तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी. आणि हो, घरमालकाने २४ तासांत तिची माहिती ऑनलाइन भरायची असते. आमच्या वाड्यावर बहुतेक जण नेमकं तेच विसरतात.