रास्पबेरी पाय ३ आणि २५६० × १४४० चा मॉनिटर: मर्यादा नेमकी कोणाची?

वाचनालय_सेवक

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात दाराजवळ एक मॉनिटर लावलेला आहे. त्यावर नवीन आलेल्या पुस्तकांची यादी, वाचनालयाची वेळ आणि परत न आलेल्या पुस्तकांच्या सूचना दिवसभर दिसत राहतात. हे सारे काम गेली काही वर्षे एक रास्पबेरी पाय ३ बी प्लस (एकाच छोट्या बोर्डावरचा स्वस्त संगणक, थोडक्यात ‘पाय’) बिनतक्रार करीत आहे. मागील महिन्यात एका सभासदाने २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलांचा (ठिपक्यांचा) चांगला मॉनिटर भेट दिला आणि तेव्हापासून अडचण सुरू झाली.

पाय त्या मॉनिटरला १९२० × १०८० चेच चित्र देतो. सेटिंगच्या यादीत २५६० × १४४० हा पर्याय येतच नाही. इंग्रजी अक्षरे त्यातल्या त्यात चालून जातात, परंतु देवनागरी फार बिघडते. ‘वर्षांतील’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून एकच काळा डाग दिसतो आणि ‘ग्रंथांची’मधला दुसरा अनुस्वार काही वाचकांना दिसतच नाही. आमचे एक ज्येष्ठ सभासद दोन वेळा काउंटरवर येऊन आमचे शुद्धलेखन सुधारून गेले.

मी २०२० सालची प्रणाली असलेले जुने मेमरी कार्डही लावून पाहिले आणि बुकवर्म ही त्यानंतरची प्रणाली टाकलेले नवीन कार्डही; दोन्हींचा परिणाम सारखाच आहे. दुकानदाराच्या सल्ल्याने महाग केबल घेतली, तिनेही फरक पडला नाही. तेव्हा ही मर्यादा बोर्डाची आहे, सॉफ्टवेअरची आहे की मॉनिटरची, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

पिक्सेल_मोजणारा

मर्यादा बोर्डाची आहे, परंतु तुमच्या दोन कार्डांवर ती दोन वेगवेगळ्या कारणांनी आडवी येत आहे.

पहिले कारण पिक्सेल क्लॉकचे. एका सेकंदात किती पिक्सेल तारेवरून पाठवावे लागतात, त्याचा हा वेग आहे. मॉनिटरला दिसणाऱ्या पिक्सेलांखेरीज प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी न दिसणारी मोकळी जागाही पाठवावी लागते. २५६० × १४४० साठी ही जागा कमीत कमी धरली तरी एक ओळ २७२० पिक्सेलांची होते आणि एका चित्रात १४८१ ओळी भरतात. हे सेकंदाला ६० वेळा केले की वेग २४१.५ मेगाहर्ट्झच्या घरात जातो. पाय ३ आणि त्याआधीच्या सर्व पायांची एचडीएमआयची मर्यादा १६२ मेगाहर्ट्झ आहे. १९२० × १०८० ला १४८.५ लागतात, १९२० × १२०० ला १५४ लागतात, म्हणून ही दोन्ही त्यात बसतात. त्यापुढची पायरी थेट कुंपणाबाहेर पडते. तुमच्या जुन्या कार्डावर फर्मवेअर (बोर्डाचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर) मॉनिटरने दिलेली चित्राच्या आकारांची यादी वाचते आणि न झेपणारे पर्याय गाळून टाकते, त्यामुळे तो पर्याय तुम्हाला दिसत नाही.

दुसरे कारण नवीन कार्डावरचे. बुकवर्ममध्ये चित्राची सूत्रे फर्मवेअरकडून लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरकडे गेलेली आहेत. हा ड्रायव्हर पाय ३ च्या व्हिडिओकोअर ४ या चित्र काढणाऱ्या भागासाठी फ्रेमबफरची, म्हणजे मेमरीत तयार होणाऱ्या चित्राची, रुंदी आणि उंची २०४८ पिक्सेलांपलीकडे जाऊ देत नाही. २५६० ही रुंदी तिथेच नाकारली जाते, मग रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र पाठवायचे तो वेग) कितीही कमी करा. पाय ४ पासून हीच मर्यादा ७६८० आहे.

केबलचा यात काहीही दोष नव्हता. जे चित्र बोर्डातून बाहेरच पडत नाही, ते केबल कशी पोहोचवणार?

जुना_सोल्डर

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु ‘पाय ३ वर १४४० होतच नाही’ असा त्याचा अर्थ घेऊ नये. मी स्वतः जुन्या कार्डावर ते चालवलेले आहे. सेटिंग लिहायच्या कॉन्फिग फाइलीत ६० ऐवजी ३० हर्ट्झचा स्वतःचा मोड लिहून दिला की पिक्सेल क्लॉक १२० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि १६२ च्या आत बसतो. माउस हलवताना बाण किंचित रेंगाळतो, परंतु पुस्तकांची स्थिर यादी दाखवायला ३० हर्ट्झ पुष्कळ झाले. काही मंडळी याच फाइलीतून १६२ ची मर्यादाही वाढवतात. ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, असल्यामुळे दिवसभर चालणाऱ्या यंत्रावर मी तसे करणार नाही.

अट एवढीच की मॉनिटरने ३० हर्ट्झ स्वीकारले पाहिजेत. टीव्ही बहुधा स्वीकारतात. संगणकाचे अनेक मॉनिटर मात्र ५० च्या खाली गेले की ‘सिग्नल मर्यादेबाहेर’ अशी पाटी दाखवून काळे होतात.

पिक्सेल_मोजणारा

मान्य आहे. फक्त त्यासाठी वाचनालयाला जुन्या प्रणालीवरच अडकून राहावे लागेल, आणि यंत्र इंटरनेटला जोडलेले असेल तर ते मला योग्य वाटत नाही.

लिपीवेडी

तांत्रिक बाजू इथे आलीच आहे. मी अक्षरांविषयी सांगते. १०८० चे चित्र १४४० वर ताणले जाते तेव्हा प्रत्येक पिक्सेल एक पूर्णांक एक तृतीयांश पट होतो. मॉनिटरला पिक्सेलचा तुकडा दाखवता येत नाही, म्हणून तो शेजारच्या पिक्सेलांत करडा रंग मिसळतो. लॅटिन अक्षराचा बराचसा भार उभ्या दांड्यांवर असतो, त्यामुळे ते हा गोंधळ सोसते. देवनागरीत मात्र अर्थाचा मोठा वाटा शिरोरेषेच्या वर दोन-तीन पिक्सेलांच्या जागेत असतो: मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. दोन पिक्सेलांचा अनुस्वार सुमारे पावणेतीन पिक्सेलांचा धुरकट ठिपका होतो आणि रफाराशी त्याचे अंतर एकच पिक्सेल असेल तर ते अंतर करड्या रंगात बुडते. तुमचे ज्येष्ठ सभासद चुकलेले नाहीत. त्यांनी पडद्यावर जे होते तेच वाचले.

खर्च न करता एक प्रयोग करून पाहा. पायला १२८० × ७२० वर ठेवा. १४४० च्या बरोबर निम्मे असल्यामुळे प्रत्येक पिक्सेल दोन बाय दोनचा चौकोन होतो आणि तुकडे उरत नाहीत. यादीत ओळी कमी मावतील, परंतु दारातून वाचण्याच्या फलकाला मोठी अक्षरेच हवीत. काही मॉनिटर पूर्ण पटीतही चित्र मुद्दाम मऊ करतात. मेनूमध्ये शार्पनेस चाळून पाहावा लागेल.

वाचनालय_सेवक

सर्वांचे आभार. प्रथम ३० हर्ट्झचा प्रयोग केला. मॉनिटर काळा झाला. १२८० × ७२० वर ‘वर्षांतील’ वाचता येऊ लागले, मात्र यादीत नऊच पुस्तके मावतात आणि अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. म्हणून एका सभासदाकडे वापराविना पडून असलेला पाय ४ मागून आणला. पुस्तकसूचीचा प्रोग्राम २०२० च्या कार्डावरच असल्याने तेच कार्ड त्यात घातले. २५६० × १४४० पहिल्याच फटक्यात आले! अनुस्वार टाचणीच्या टोकासारखा स्पष्ट दिसतो.

परंतु आता वायफाय गेले. मॉनिटरची तार काढली की वायफाय येते, लावली की जाते. १०८० वर ठेवले तरी येते. मी हे तीन वेळा तपासले, कारण माझा स्वतःवरच विश्वास बसेना. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध तरी काय?

पिक्सेल_मोजणारा

संबंध आहे, आणि तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. पाय ४ आल्यानंतर काही महिन्यांतच, २०१९ च्या अखेरीस, अनेकांनी हीच तक्रार केली होती. एचडीएमआयच्या तारेत प्रत्येक रंगाच्या तारांच्या जोडीवरून पिक्सेल क्लॉकच्या दहापट वेगाने बिट धावतात. २४१.५ ची दहापट करा: २४१५ मेगाहर्ट्झ. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला पहिला चॅनेल २४१२ वर बसलेला आहे. तारेतून आणि जोडणीतून जो थोडा रेडिओ गोंगाट गळतो तो नेमका त्या चॅनेलच्या अंगावर पडतो, आणि पायची अँटेना एचडीएमआयच्या तोंडापासून काही सेंटिमीटरवरच आहे. १०८० चा आकडा १४८५ येतो, म्हणून तिथे त्रास होत नाही.

राउटर पहिल्या चॅनेलवर असेल तर तो अकरावर न्या. राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर त्याहून उत्तम. पाय ४ ला ते चालते. तुम्ही मायक्रो एचडीएमआयसाठी छोटा अडॅप्टर लावला असेल तर तो काढून चांगल्या शील्डिंगची (गोंगाट अडवणाऱ्या वेष्टनाची) सरळ केबल लावा. कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये पुढे यावर तोडगाही घातला गेला: वायफायला धक्का लागत असेल तर तो १४४० चा पिक्सेल क्लॉक २३८.५६ वर उतरवतो, म्हणजे तारेतला वेग २३८६ च्या आसपास येऊन पट्ट्याबाहेर पडतो. रिफ्रेश रेट त्यामुळे ५९ च्या थोडा वर राहतो, तो डोळ्यांना कळत नाही. म्हणून सवड मिळताच प्रोग्राम नवीन कार्डावर हलवा.

आणखी एक. पाय ४ वर ४के ६० चालू करण्याची जी ओळ अनेक ठिकाणी सुचवलेली असते, ती तुम्ही घालू नका. ती ५९४ मेगाहर्ट्झ लागणाऱ्या ३८४० × २१६० साठी आहे, तुमचे २४१.५ तिच्याविना भागते, आणि ती ओळ चिपचा वेग वाढवून विनाकारण उष्णता वाढवते.

वाचनालय_सेवक

राउटर पहिल्याच चॅनेलवर होता, आणि अडॅप्टरही लावलेला होता. चॅनेल अकरा केला. सकाळपासून तार लावलेली असूनही वायफाय सुटलेले नाही. नवीन कार्डाचे काम रविवारी वाचनालय बंद असताना करीन. यादीत आता चोवीस पुस्तके मावतात.